जॉबरकाकांचा लांडगा

माझ्या चेलोत लांडगा आहे असं सरांनी सांगितलं, तेव्हा मला फार आनंद झाला. तोवर मला वाटत होतं की दोष माझ्यातच आहे.

गिरणी संपानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. अंधेरीला एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही पंचवीस-तीस हौशी माणसं जमून पाश्चात्त्य पद्धतीचं संगीत वाजवायचो. आठवडाभर मी विमा कंपनीत फायली इकडच्या तिकडे करायचो आणि रविवारी स्वतःला कलावंत समजायचो. लहानपणी मी पार्ल्याला व्हायोलिन शिकलो होतो. पण आमच्याकडे व्हायोलिनवाले आधीच अकरा होते, आणि त्यांच्यात बारावा तरी टिकेन याची मला खात्री नव्हती. चेलोवाले मात्र दोनच. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचा. इथे काहीही झालं तरी तिसरा नंबर पक्का, असा विचार करून मी एक जुना चेलो घेतला. बायकोने त्याला फुलाफुलांच्या चादरीचा अभ्रा शिवला. मी तिसरा झालो.

या चेलोत एक जागा होती. जाड तारेवर बोट वर वर सरकवत नेलं की एका स्वराशी तो अडायचा. सरळ आवाज येण्याऐवजी गुर्र-गुर्र-गुर्र, थंडीत स्कूटर सुरू करताना होतं तसं. त्याच्या खालचा स्वर ठीक, वरचा ठीक, हा एकच गुरगुरायचा. आमचे सर मरोळचे, शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अरे, तुझ्या चेलोत वुल्फ आहे ना! लांडगा. प्रत्येक चेलोत असतो थोडा. तुझ्यात जरा जास्त आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. चेलोच्या लाकडी खोक्याचाही स्वतःचा एक स्वर असतो. तारेचा स्वर नेमका त्याच्यावर आला की तार आणि खोकं दोघं एकमेकांशी भांडायला लागतात, आणि ते भांडण ऐकू येतं.

मी एवढंच लक्षात ठेवलं की दोष खोक्याचा आहे. पुढचे दोन महिने माझ्या हातून जे जे बेसूर निघालं ते मी लांडग्यावर ढकललं. चुकीच्या मापात, म्हणजे ठोक्यांच्या चुकीच्या घरात शिरलो, लांडगा. पान उलटायला विसरलो, तरी मी चेलोकडे दुःखाने बघायचो.

दरम्यान मी घरी उपचार सुरू केले. कुणी म्हणालं, गुडघ्यांनी चेलो घट्ट आवळ. मी इतका आवळला की सोमवारी ऑफिसात लंगडत गेलो. कुणी म्हणालं, पोटात काहीतरी वजन पाहिजे. चेलोच्या छातीवर दोन वळणदार फटी असतात. त्यातून मी आत मेणाचा गोळा चिकटवायला गेलो, तो निसटून आत पडला. मग त्याचा खडखडाट थांबावा म्हणून मोजा कोंबला. मोजा पडला नाही, पण काढताही येईना. शेवटी एका व्हायोलिनवाल्याने माझी दया येऊन पत्ता दिला. घाटकोपर, भटवाडी, टेकडीच्या उतारावरची चाळ, वरचा मजला. म्हणाला, "गिरणीत जॉबर होते, मागांवरचे मुकादम. सगळे जॉबरकाकाच म्हणतात. फक्त एक लक्षात ठेव, त्यांना ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "वाद्यं दुरुस्त करतात ना?"

"हो."

"आणि ऐकू येत नाही?"

"जाऊन तर बघ, यार."

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी चेलो घेऊन मी रिक्षात बसलो, म्हणजे चेलो बसला आणि मी उरलेल्या जागेत लटकलो. चाळीचा जिना लाकडी आणि अरुंद होता. दार उघडं होतं. आत पन्नाशीच्या पुढचा एक किडकिडीत माणूस जमिनीवर मांडी घालून व्हायोलिनची मान घासत होता. अंगात बंडी, कमरेला पंचा, आणि दातांत आडवी धरलेली लाकडी फूटपट्टी. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा आतून त्यांची बायको, म्हणजे काकी, आल्या आणि त्यांनी पाय आपटला. जमिनीच्या फळ्या हादरल्या तशी काकांनी मान वर केली.

"खंयसून इलंस?"

"अंधेरीहून," मी चेलोचा अभ्रा काढता काढता म्हटलं.

"माझ्याकडे तोंड करून बोल. माका तोंड दिसूक व्हया."

हे मला नंतर नीट कळलं. काकांनी सव्वीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग, गिरणीच्या भाषेत साचे, एकाच वेळी धडधडतात तिथे काढली होती. तिथे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळेच ओठ वाचायला शिकतात. कान हळूहळू जातात. "आधी बारीक आवाज जातत," काका सांगायचे. "चिमणी गेली, मगे घड्याळाचो गजर गेलो, मगे बायको गेली." बायको गेली म्हणजे बायकोचा आवाज गेला. काकींचा आवाज सनईसारखा उंच होता, आणि तो काकांना अजिबात पोचत नव्हता. जाड आवाज थोडाफार पोचायचा. पण काका मुळात कानाने ऐकतच नव्हते.

कसं ऐकायचे ते मी त्या दिवशी पाहिलं. गिरणीत मागाचं कुठलं चाक बिघडलंय ते शोधायला स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाला आणि मूठ कानाला लावायची त्यांना सवय होती. कान गेले तशी त्यांनी मूठ दातांत धरायला सुरुवात केली. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. घरात बसून होते तेव्हा शेजारच्या कुणाच्या व्हायोलिनच्या पोटातला लाकडी खांब पडला, म्हणून त्यांनी उत्सुकतेने बघायला मागितलं. स्क्रूड्रायव्हरने लाकडाला भोक पडेल म्हणून फूटपट्टी घेतली. तेव्हापासून ती दातांतच होती.

"वाजव," काका म्हणाले. फूटपट्टीचं एक टोक त्यांनी दातांत धरलं, दुसरं चेलोच्या छातीला टेकवलं आणि डोळे मिटले.

मी लांडग्याच्या जागेवर बोट ठेवून गज ओढला. गुर्र-गुर्र-गुर्र. एखाद्या गवयाने समेला मान डोलवावी तशी काकांनी मान डोलवली. मग म्हणाले, "आता खालचो वाजव. आता वरचो. आता तुका येता ता गाणा वाजव."

मी माझं सगळ्यात चांगलं बसलेलं गाणं वाजवलं. ते संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, फूटपट्टी काढून पंचाला पुसली.

"एक लांडगो वाद्यात आसा," ते म्हणाले. "तीन तुझ्या हातात आसत. आधी खंयचो काढू?"

आतून काकींचं हसू ऐकू आलं. मला राग आला. ज्याला ऐकू येत नाही त्याने मला बेसूर म्हणावं! मी खिडकीकडे तोंड फिरवून, अभ्रा उचलायचं निमित्त करून, अगदी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो, "खडूस म्हातारा."

"खडूस आसंय," काका मागून म्हणाले. खिडकीची काच बंद होती आणि तीत माझं तोंड स्वच्छ दिसत होतं. "म्हातारो नाय. चोपन्न वर्सांचो आसंय."

मी गुपचूप खाली बसलो.

मग काकांनी चेलो आडवा केला, हलवला आणि थबकले. खडखड त्यांच्या हातांना लागली असणार. एक लांब वाकडी तार घेऊन ते फटीतून आत शिरले. प्रथम मोजा बाहेर आला. तो त्यांनी जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला. मग मेणाचा गोळा. मग माझी हरवलेली पेन्सिल. मग दोन दाढीची ब्लेडं, ती मी आत कधी आणि कशासाठी टाकली हे मला आजही आठवत नाही. प्रत्येक वस्तू ओळीने ठेवून झाल्यावर त्यांनी हाक मारली, "गो, हय ये. बघ ह्येच्या पोटात काय काय आसा."

काकी बाहेर आल्या, त्यांनी ओळ पाहिली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "दुसरो मोजो खंय आसा?"

त्यानंतर मी जवळजवळ दर शनिवारी तिकडे जायला लागलो. लांडगा धरायला वेळ लागणार होता, आणि काका घाई करणाऱ्यातले नव्हते. गिरणीतली त्यांची एक सांगायची गोष्ट होती. नवीन पोरगा आला आणि माग अडला, की तो त्याला लाथ मारायचा. काका म्हणायचे, "लाथ मारलंस तर साचो चलतलो. पण पुढच्या खेपेक लाथेबिगर चलाचो नाय." मला ते ऐकवायचे तेव्हा मी गज कसा दाबतो तिकडे बघत ऐकवायचे.

त्यांची पद्धत अशी. मी तो गुरगुरणारा स्वर धरून ठेवायचा आणि त्यांनी फूटपट्टी दातांत धरून, मोकळ्या अंगठ्याने चेलोच्या छातीवर इथे-तिथे दाबत जायचं. कुठे दाबलं की गुरगुर कमी होते ते शोधायचं. दोन-दोन तास. माझा हात भरून यायचा. "काका, थांबू का?" विचारावं तर डोळे मिटलेले, म्हणजे त्यांना काही कळणार नाही. मी काकींकडे बघायचो. त्या पाय आपटायच्या, मग सुटका.

शेवटी त्यांनी ठरवलं की बाहेरूनच इलाज करायचा. सायकलच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह कापून त्यांनी बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी केली, आत रबर बसवलं, बाजूला एक बारीक स्क्रू. चेलोच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या खाली तारेचा एक आखूड तुकडा उरतो, जो कुणी वाजवत नाही. त्या तुकड्यावर ही नळी बसवली. एक शनिवार तिला केसभर खाली, केसभर वर सरकवण्यात गेला. मग काका एकदम म्हणाले, "बस."

मी गज ओढला. स्वर सरळ आला. लांब, गोल, न अडखळता. मी इतका चकित झालो की गज संपला तरी ओढतच राहिलो.

"आता ह्येका हात लावू नको," काका म्हणाले. "माझ्याकडे बघ. काय सांगलंय?"

"हात लावायचा नाही."

"परत सांग."

"हात लावायचा नाही, काका."

त्या सुमाराला आमचा पहिला चेलोवाला नोकरीसाठी मस्कतला गेला. दुसऱ्या होत्या एक निवृत्त बाई, अतिशय सुरेल, पण एकटीने वाजवायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. वार्षिक कार्यक्रमात चेलोचा एकट्याचा आठ मापांचा तुकडा होता. तो माझ्याकडे आला. आणि त्या तुकड्यातला सगळ्यात लांब स्वर म्हणजे नेमकी लांडग्याची जागा.

सरांना मी काकांचं काम दाखवलं. ते खूश झाले. शाळेच्या मालकीचा एक जुना डबल बास होता, माणसापेक्षा उंच, कोपऱ्यात धूळ खात पडलेला. शिवाय बाकीच्या लोकांचीही किरकोळ दुखणी होतीच. "कार्यक्रम होऊ दे," सर म्हणाले. "सगळं त्यांच्याकडेच पाठवू. वर्षभर पुरेल एवढं काम आहे." मी हे काकांना सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा काकींनी मला जेवायला थांबवून घेतलं. बांगड्याचं तिखलं होतं, झणझणीत कालवण. संपानंतरची दोन-तीन वर्षं त्या घरात कशी गेली असतील, ते मला त्या ताटावर बसल्यावर थोडं कळलं. बांगडा एकच होता आणि तो माझ्या ताटात होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी घरी सराव करत होतो. मला वाटलं, आवाज जरा दबलेला आहे. खरंच थोडा दबला होता. अशी नळी बसवली की तेवढं होतंच, काकांनी सांगितलंही होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे भरलेला हॉल होता, आणि मला मोठा आवाज हवा होता. मी स्क्रू सैल केला. नळी बोटभर वर सरकवली. हळूच वाजवून बघितलं. छान! आवाज मोठा झाला, आणि लांडगा गप्प. मी बायकोला म्हटलं, "बघ, थोडं डोकं चालवलं की जमतं."

ती म्हणाली, "काकांना विचारलंस?"

मी म्हटलं, "प्रत्येक गोष्ट काय विचारायची?"

हळू वाजवताना लांडगा झोपलेला असतो, जोराने वाजवला की उठतो, ही साधी गोष्ट सहा महिने त्याच्याबरोबर राहूनही मला सुचली नाही.

रविवारी संध्याकाळी पाचला कार्यक्रम. काका आणि काकी आले होते. काका येतील असं मला वाटलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. काकींनी हिरवी साडी नेसली होती आणि अबोलीचा गजरा माळला होता. दोघं पहिल्या रांगेत, अगदी कडेला, रंगमंचाला लागून बसली. आणि काकांनी सावकाश एक हात उचलून रंगमंचाच्या लाकडी फळीवर उताणा नाही, पालथा ठेवला. तळहात सपाट. ते तसंच ऐकणार होते.

माझी आठ मापं आली. पहिली दोन बरी गेली. तिसऱ्यात तो लांब स्वर. मी छाती भरून श्वास घेतला आणि गज जोरात ओढला.

गुर्र-गुर्र-गुर्र-गुर्र.

तो स्वर चार ठोक्यांचा होता. चार ठोके किती लांब असतात ते मला तेव्हा कळलं. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई वळून खिडकीबाहेर बघायला लागल्या, त्यांना वाटलं रस्त्यावर कुणाची रिक्षा सुरू होत नाहीये. उरलेली पाच मापं मी कशी वाजवली ते मला आठवत नाही. वाजवली असणार, कारण शेवटी टाळ्या झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर सर तडक माझ्याकडे आले. आजूबाजूला सगळे होते.

"काय झालं हे? तुझ्या घाटकोपरच्या माणसाने नीट केलं होतं ना?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की त्यांनी नीट केलं होतं, मी बिघडवलं. सहाच शब्द. माझ्या तोंडून निघालं, "बघतो, सर."

"बघतो काय! असं असेल तर डबल बास मी फोर्टच्या दुकानातच देतो. माझीच चूक झाली. गिरणीतला माणूस तो."

"हो, सर," मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

आणि मग मी मान वर केली. सरांच्या एका बाजूला, चार पावलांवर, काका उभे होते. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. सरांचा चेहरा त्यांना बाजूने दिसत होता आणि माझा समोरून. त्यांना ऐकू येत नव्हतं. आमच्या ओठांवरचा शब्द न शब्द त्यांनी वाचला होता.

काका वळले. काकींचा हात धरून म्हणाले, "चल गो," आणि निघून गेले.

पुढचे तीन शनिवार मी घाटकोपरला गेलो नाही. पहिल्या शनिवारी मला ताप होता. म्हणजे नव्हता, पण मी बायकोला तसं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी ऑफिसात काम निघालं, तेही मीच काढलं. तिसऱ्या शनिवारी बायकोने कपाटामागून चेलो ओढून बाहेर काढला, दारापाशी उभा केला आणि म्हणाली, "तू जातोस की मी घेऊन जाऊ?"

मी गेलो. जिना चढताना वाटत होतं की दार बंद असलं तर बरं. दार उघडंच होतं. काका एका तंबोऱ्याचा भोपळा सांधत होते. मी त्यांच्या समोर, उजेडात, त्यांना माझं तोंड दिसेल असा उभा राहिलो.

"काका, नळी मी हलवली होती."

"माका ठावक आसा," काका म्हणाले. "थंयच दिसला माका. बोटभर वर गेलली."

"मग तुम्ही सरांना सांगितलं का नाही?"

त्यांनी भोपळा खाली ठेवला. "तू सांगतलंस म्हणान वाट बघी होतंय."

ते रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. काकी दारात उभ्या होत्या. नेहमी गडबड करणाऱ्या त्या बाईला गप्प बघून माझे कान तापले.

काकांनी हात पुढे केला. मी चेलो दिला. फूटपट्टी दातांत, डोळे मिटलेले. मी गज ओढायचा, त्यांनी नळी सरकवायची. पाच मिनिटांत झालं. त्यांनी स्क्रू आवळला आणि चेलो परत दिला. या खेपेला "हात लावू नको" असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सराव सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. रात्रभर मी भाषण तयार केलं होतं. त्यात कलावंताच्या अहंकाराबद्दल दोन चांगली वाक्यं होती. उभा राहिलो तर त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "कार्यक्रमात जे झालं ती काकांची चूक नव्हती. नळी मी हलवली. आणि सर, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो." व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या गटातल्या एका गृहस्थाला वाटलं मी राजीनामा देतोय. त्याने टाळ्या वाजवल्या.

सरांनी माझ्या चेलोकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "वाजव तो स्वर. जोरात."

मी बसलो आणि वाजवला. जितका जोर होता तितका लावून, चार ठोके, मग आणखी चार. सरळ आला. हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला असेल.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी तो तुकडा बाई वाजवतील. घाम फुटला तरी वाजवतील. तू मागे बस." मी मागे जाऊन बसलो, आणि त्यानंतर नऊ वर्षं तिथेच बसलो. खरं सांगायचं तर माझी जागा तीच होती.

सर पुढे म्हणाले, "आणि डबल बास कधी नेतोस?"

त्याच आठवड्यात नेला. टेम्पोतून भटवाडीपर्यंत पोचला, पण चाळीच्या जिन्यात अडकला. सर खालून ढकलत होते, मी वरून ओढत होतो, आणि दोन्ही मजल्यांवरची माणसं कठड्याला येऊन सल्ले देत होती. सर घामाघूम झालेले, टाय एका बाजूला. वर पोचल्यावर त्यांनी आधी श्वास घेतला, मग काकांच्या समोर जाऊन, प्रत्येक शब्दाला ओठ नीट हलवून म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ करा."

"बसा," काका म्हणाले. "चाय घेतल्याशिवाय जावचा नाय." विषय तिथे संपला.

सर चहा घेऊन गेले. मी थांबलो. खोलीचा निम्मा भाग त्या डबल बासनेच भरला होता. काका त्याच्याभोवती दोनदा फिरले. धूळ पुसली, तारा ताणल्या. एवढं मोठं वाद्य त्यांनी कधी हाताळलं नव्हतं. बसायची सोय नव्हती म्हणून त्यांनी तो उभा केला आणि स्वतः त्याला छाती लावून उभे राहिले. फूटपट्टी घ्यायला हात मोकळा नव्हता, तिचा विचारही त्यांच्या मनात आला नसावा. माझ्या हातातला गज घेऊन त्यांनी सगळ्यात जाड तार ओढली.

खिडकीची तावदानं थरथरली. मांडणीवरच्या पेल्यांचा किणकिणाट झाला. काकांनी गज थांबवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ओढला. मग थोडं मागे सरून, छाती न टेकवता, हात लांब करून तिसऱ्यांदा ओढला.

"गो!" ते ओरडले. "गो, हय ये! माका आयकाक येता! कानान आयकाक येता!"

काकी पिठाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनी पाहिलं, ऐकलं, आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "बघलंस? तीन वर्सां झाली, मी घसो फोडून वरडतंय तर ह्येंच्या कानात शिरणा नाय. आणि ह्या रेड्याचो आवाज शिरता!"

काकांनी त्यांचे ओठ वाचले आणि हसले. "तुझो आवाज असो जाड व्हतो तर तुझोय शिरलो असतो."

मग ते कामाला लागले. आमच्याकडे पाठ करून, वाकून, ते बासच्या खालच्या बाजूच्या चिरा बोटाने तपासत होते. काकी आत जायला निघाल्या होत्या. दारात थांबल्या. माझ्याकडे एकदा बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, गप राहा म्हणून. पदराने कपाळ पुसलं, खाकरल्या, हनुवटी छातीला टेकवली आणि पोटातून, जितका खाली नेता येईल तितका खाली नेलेल्या, बाप्याच्या आवाजात म्हणाल्या,

"अवो."

काका चिरेवर बोट फिरवत राहिले. काकींनी आणखी एक श्वास घेतला, आवाज आणखी खाली नेला.

"अवो. जेवूक येतास मां?"

काकांचं बोट थांबलं. मग ते सावकाश सरळ झाले, मागे वळले आणि म्हणाले, "काय गो?"